पार्लर ठाण्यात, मालकीण परदेशात: कसं जमवायचं

पार्लर सोडून परदेशात राहता येईल का, असं विचारणाऱ्या प्रत्येकीला मी आधी उलटा प्रश्न करते: दिवसभरातल्या आयब्रोपैकी किती तुम्ही स्वतः करता? उत्तर "निम्म्याहून जास्त" असेल, तर तिकीट काढू नका. तुमचं गिऱ्हाईक पार्लरला येत नाही, तुमच्या हाताला येतं, आणि तो हात तुमच्याबरोबर विमानात बसणार.

माझं पार्लर नौपाड्यात आहे, राम मारुती रोडला लागून असलेल्या एका गल्लीत. चार खुर्च्या, एक फेशियलची खोली, एक वॅक्सिंगची. नवऱ्याचं काम लॅपटॉपवरचं, त्यामुळे वर्षातले बरेच महिने आम्ही बाहेर असतो, बहुतेक वेळा थायलंडमध्ये चियांग माईला. लोकांना वाटतं, कॅमेरे लावले, सॉफ्टवेअर घेतलं की झालं. त्यांचा वाटा थोडा आहे. खरं पार्लर चालतं ते काउंटरवरच्या ताईंना मला न विचारता काय काय ठरवता येतं, यावर. बाकीचं सगळं त्याच्या मागून येतं.

आधी हात काढून घ्या

नौपाड्यातली बाई माणसाला धरून असते, पाटीला नाही. "त्या नाहीयेत का? बरं, मी उद्या येते." हे वाक्य बंद व्हायला वेळ लागतो आणि त्याला घाई करून चालत नाही. मी असं केलं: जुनं गिऱ्हाईक आलं की त्यांच्या समोरच पार्लरमधल्या मुलीला कामाला बसवायचं आणि मी शेजारी उभी राहायची. पुढच्या वेळी मी काउंटरवर, लांबूनच "कमान जरा जाड ठेव गं" एवढं म्हणायचं. त्याच्या पुढच्या वेळी मी मुद्दाम बाहेर जायची. काही बायका नाराज होतात, एखादी दुसरीकडे जाते. जाऊ द्या. राहतात त्या पार्लरच्या होतात.

यातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे गिऱ्हाइकाचं कार्ड. तुमच्या डोक्यात जे आहे ते कागदावर उतरलं पाहिजे. रूट टचअपवालीचा शेड नंबर, डेव्हलपर (रंगात मिसळायचं पेरॉक्साइड) सहा टक्के की नऊ, म्हणजे वीस व्हॉल्यूम की तीस, किती मिनिटं ठेवला, पांढरे केस साधारण किती आणि कुठे जास्त. पॅच टेस्ट, म्हणजे थोडा रंग त्वचेवर लावून बघणं, कधी केली, ४८ तासांत खाज आली का. कोणाला गरम वॅक्सने पुरळ येतं, कोणाचा वरचा ओठ वॅक्स करायचा नाही, फक्त थ्रेडिंग. कोणाला बोलायला आवडत नाही, हेसुद्धा लिहायचं. आमच्याकडे कार्डं आधी खोक्यात होती, आता शीटवर आहेत, पण मुलींना हाताळायला कागदच बरा वाटतो म्हणून दोन्ही ठेवलंय. रंग लावलेल्या हाताने मोबाईल कोण उघडणार?

कोणी काय ठरवायचं

काउंटरच्या मागच्या भिंतीवर एक लॅमिनेट केलेला कागद आहे. सगळ्या रिमोट धंद्याचं मर्म त्यात आहे असं माझं मत. तो काउंटरवरच्या ताईंबरोबर बसून लिहिला, मी एकटीने नाही.

त्यात काय आहे? आयब्रो पसंत पडली नाही तर पैसे घ्यायचे नाहीत, वाद घालायचा नाही. रंग एकसारखा बसला नाही तर आठवड्याच्या आत फुकट दुरुस्ती. तीन हजारांपर्यंतची दुरुस्ती, म्हणजे गीझर, एसी, नळ, वॅक्स हीटर, ताईंनी करून घ्यायची आणि बिलाचा फोटो पाठवायचा. दहा टक्क्यांपर्यंत सूट त्यांच्या हातात. सुट्टी कोणाला कधी द्यायची, ते तर पूर्ण त्यांच्याकडे. मी त्यात पडत नाही. मी पडले की मुली थेट मला मेसेज करायला लागतील आणि ताईंचा शब्द काउंटरवर उरणार नाही.

मला फोन कशासाठी करायचा, हीसुद्धा यादी आहे, आणि ती मुद्दाम छोटी आहे. कोणाला भाजलं, कोणाला ॲलर्जी आली, महापालिकेचं किंवा पोलिसांचं माणूस आलं, लग्नाची बुकिंग रद्द झाली. बस. भाजण्यासाठी क्रमही लिहिलाय: आधी नळाचं गार वाहतं पाणी, वीस मिनिटं, बर्फ नाही आणि टूथपेस्ट तर मुळीच नाही. मग डॉक्टर. मग मला फोन. मालकिणीला कळवण्याच्या धावपळीत कोणाचा हात तसाच पोळत राहू नये.

ताईंचा पगार कसा ठरवायचा, यावर थोडं थांबते, कारण इथेच बरीच जणी कंजुषी करतात. पगार ठरलेला हवाच, त्यावर टक्का द्या, पण नफ्यावर देऊ नका. नफा तुमच्या हिशेबात ठरतो, तिला तो दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या गोष्टीवर माणसाचा विश्वास किती बसणार? महिन्याच्या जमेवर द्या. ती रक्कम तिच्या डोळ्यांसमोर रोज वाढते. मात्र मुलींना ट्रीटमेंटवर मोठा इन्सेन्टिव्ह लावू नका. तसं केलं की साध्या क्लीनअपला आलेल्या बाईला केसांची महागडी केराटिन ट्रीटमेंट गळ्यात मारायला लागतात. ती बाई त्या दिवशी पैसे देते आणि पुन्हा फिरकत नाही.

आणखी एक नाजूक विषय. पार्लर बंद असण्याच्या दिवशी मुली आपल्याच गिऱ्हाइकांकडे घरी जाऊन वॅक्सिंग करतात. हे रोखण्यात मालकिणींचं रक्त आटतं, आणि तुम्ही परदेशात असताना तर ते रोखता येणारच नाही. मी घरची सेवा पार्लरच्याच दरपत्रकात घातली, मुलीचा वाटा मोठा ठेवला, सामान पार्लरचं. चोरून जाण्यात तिला फारसा फायदा उरला नाही. तरी एखादी जातेच. त्याचा मी विचार करत नाही.

पैसे आणि माल

क्यूआर कोड चालू खात्याचा, साउंडबॉक्स काउंटरवर. कोणाच्याही वैयक्तिक मोबाईलवर पैसे घ्यायचे नाहीत, "नेट नाहीये" म्हणूनसुद्धा नाही. त्यापेक्षा उधारी लिहा. रोख पैशाचं काम सोपं: रात्री बंद करताना मोजून वहीत लिहायचं, त्या पानाचा फोटो मला, आणि एक दिवसाआड बँकेत भरणा.

पण दुरून बघणाऱ्याला रोकड जेवढं सांगते त्याहून जास्त माल सांगतो. जाण्यापूर्वी मी मोजून ठेवलं की आठशे मिलीच्या वॅक्सच्या डब्यात आमच्या मुलींच्या हाताने साधारण किती पूर्ण हात आणि किती पाय होतात, खांद्यापर्यंतच्या केसांच्या रूट टचअपला किती ग्रॅम रंग लागतो. आता दर रविवारी उघडलेले डबे आणि ट्यूब मोजल्या जातात आणि बिलांशी ताळा होतो. डबे जास्त संपले आणि बिलं कमी, तर दोनच शक्यता: कोणीतरी माल वाया घालवतंय किंवा काम होतंय आणि बिल होत नाहीये. नवी मुलगी आली की पहिली शक्यता धरा, तिला शिकवा. जुन्या मुलींचं अचानक असं झालं तर ताईंशी बोला. दोऱ्याची रिळं मोजू नका. तेवढ्या बारकाव्यात गेलात की तुमची चिडचिड होते आणि तिकडच्यांचीही.

माल कोण आणतं, हे ठरवून ठेवा. आमच्याकडे ठरलेला डिस्ट्रिब्युटर आहे, तो महिन्यातून एकदा येतो. मधेच कापूस, डिस्पोजेबल चादरी, टिश्यू असलं काही संपलं तर जांभळी नाक्याच्या बाजारात सगळं मिळतं. घाऊक दर बघून वर्षाचा माल एकदम भरून ठेवायचा मोह होतो, पण मे महिन्याच्या उकाड्यात बंद कपाटात डेव्हलपर आणि सीरम खराब होतात.

कॅमेरे दोन. एक काउंटरवर, गल्ला दिसेल असा, एक दाराबाहेर. फेशियल, वॅक्सिंग किंवा साडी नेसवायच्या खोलीत कॅमेरा लावणं हा गुन्हा आहे, तिथे "सुरक्षेसाठी" वगैरे कारण चालत नाही. कॅमेरा आहे अशी पाटी दारावर लावा, मराठीत. आणि तो बघत बसू नका. ताळा जुळला नाही तरच मी फुटेज उघडते. दिवसभर पडद्यावर पार्लर बघायचं असेल तर चियांग माईला जायचं कशाला, घंटाळीच्या कोपऱ्यावर उभं राहून बघता येतं.

कामाच्या दर्जासाठी माझ्याकडे कॅमेऱ्यापेक्षा चांगली सोय आहे: सासूबाई. पाचपाखाडीत राहतात, अधूनमधून केस धुवायला आणि डोक्याच्या मालिशला जातात, आणि रात्री फोन येतो. "टॉवेल ओलसर होता गं. आणि ती नवी मुलगी सारखी मोबाईल बघते." प्रत्येकीला अशा सासूबाई मिळतील असं नाही, पण खरं बोलणारं एक जुनं गिऱ्हाईक शोधा. त्यांच्याकडून बिल पूर्ण घ्या. फुकट दिलंत की खरं बोलणं बंद होतं.

कुठला देश, कुठलं घड्याळ

जागा निवडताना समुद्र बघू नका, घड्याळ बघा. थायलंड आणि व्हिएतनाम आपल्यापेक्षा दीड तास पुढे, बाली अडीच तास पुढे, जॉर्जिया दीड तास मागे. पोर्तुगाल उन्हाळ्यात साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच तास मागे. आमचं पार्लर साडेदहाला उघडतं आणि साडेआठला बंद होतं. चियांग माईत तेव्हा दुपारचे बारा आणि रात्रीचे दहा असतात. म्हणजे सकाळ पूर्ण माझी, आणि ताईंशी बोलणं त्यांच्या दहाला, माझ्या साडेअकराला, पार्लर उघडण्याआधी. लिस्बनमध्ये हिवाळ्यात हेच बोलणं पहाटे साडेचारला करावं लागेल. ज्यांना ते जमतं त्यांना माझा नमस्कार.

व्हिसाचं म्हणाल तर थायलंडने २०२४ च्या जुलैत डेस्टिनेशन थायलंड व्हिसा सुरू केला. मुदत पाच वर्षं, एका वेळी १८० दिवस राहता येतं, आणि खात्यात पाच लाख बाट दाखवावे लागतात. स्वतःचा धंदा असेल तर त्याचे कागद लागतात. उद्यम नोंदणी, जीएसटी, मागच्या वर्षांची रिटर्न एकाच फोल्डरमध्ये तयार ठेवा. सलग ९० दिवसांहून जास्त राहिलात तर तिथल्या इमिग्रेशनला पत्ता कळवायचा असतो. एका कॅलेंडर वर्षात १८० दिवस भरले की तिथला करनिवासी, म्हणजे कराच्या हिशेबात तिथला रहिवासी, होण्याचा प्रश्न येतो, म्हणून मी त्याच्या आतच राहते.

आता आपल्या धंद्यातल्या बायकांसाठी खास सूचना. फुकेत, हुआ हिनला आपल्याकडची लग्नं होतात, आणि तुम्ही तिथे आहात हे कळलं की फोन येणारच: "एकच नवरी आहे, आपल्या ओळखीतलीच आहे." नाही म्हणा. थायलंडमध्ये केस कापणं, केशरचना आणि सौंदर्यप्रसाधनाचं काम परदेशी माणसांना मनाई असलेल्या कामांच्या यादीत आहे. तुमचा व्हिसा ठाण्यातलं पार्लर लॅपटॉपवरून सांभाळायला आहे, तिथे ब्रश हातात घ्यायला नाही.

पंचांग आणि तिकीट

पार्लरचं कॅलेंडर पंचांगावर चालतं, म्हणून माझी तिकिटंही त्यावरच निघतात. तुळशीच्या लग्नापासून पुढे लग्नांची गर्दी, मग संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू, मग एप्रिल-मेची लग्नं. श्रावणात मंगळागौरीचे खोपे आणि नऊवारी, गणपतीच्या आधीचा आठवडा फेशियलचा. पितृपक्षात खुर्च्या रिकाम्या. मग नवरात्र, दिवाळी. अधिक महिना आला की हिशेब बदलतो: २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून आहे, म्हणजे लग्नाचा मे महिना निम्म्यावर येतो. असलं काही आधी बघून ठेवलं की कोणत्या महिन्यात जास्तीची मुलगी लावायची आणि कोणत्या महिन्यात नाही, ते कळतं.

मी लग्नांच्या दोन्ही मोसमांत ठाण्यात असते. योगायोगाने ते सोयीचंही पडतं, कारण मार्च-एप्रिलमध्ये चियांग माईत शेतं आणि जंगलं जळल्याचा धूर असा भरतो की खिडकी उघडता येत नाही. पावसाळ्यात आम्ही तिकडे. तेव्हा ठाण्यात मात्र एकच चिंता असते: लोकल. मुली दिव्याहून, कळव्याहून, बदलापूरहून येतात. गाड्या बंद पडल्या की पार्लर उघडणार कोण? म्हणून चावी सगळ्यात जुन्या मुलीकडे नाही, चालत येऊ शकणाऱ्या मुलीकडे असते. आमच्याकडे ती कोपरीत राहते. पाणी भरलेल्या दिवशी कोणी यायचा प्रयत्न करायचा नाही आणि पगार कापायचा नाही, हेही त्या लॅमिनेट केलेल्या कागदावर आहे.

लग्नाची बुकिंग दुरून

ट्रायल व्हिडिओवर करू नका. पडद्यावर त्वचेचा अंडरटोन, म्हणजे आतली छटा, खरी दिसत नाही, आणि फाउंडेशन चुकलं की पुढचं सगळं चुकतं. ट्रायल पार्लरमध्ये, मुलींच्या हातून, दिवसाच्या उजेडात. पण ट्रायलच्या आधीचं बोलणं मात्र मी स्वतः व्हिडिओवर करते, आणि दुरून करण्याजोगं ते सगळ्यात उत्तम काम आहे. नवरी आणि तिची आई दोघी असतात. मुहूर्त किती वाजता? मुहूर्ताला नऊवारी आणि रिसेप्शनला शालू, की उलटं? मुंडावळ्या मोत्याच्या की फुलांच्या, कारण फुलांच्या ओल्या असतात आणि कपाळावरचा मेकअपचा बेस खातात. खोपा की अंबाडा, गजरा कोण आणणार? सोबतच्या किती जणींची तयारी? मावशी ऐनवेळी "माझंही जरा करून दे" म्हणते, त्या मावशीसाठी दर आत्ताच सांगून ठेवायचा.

मग वेळ उलटी मोजायची. मुहूर्त १२:२० चा असेल तर नवरी पावणेबाराला तयार हवी, म्हणजे मुली आठला हॉलवर. हॉल घोडबंदर रोडवर असेल तर त्यात आणखी एक तास घाला, सकाळचीही खात्री नसते. निम्मे पैसे आगाऊ, आणि ठरलेलं सगळं मराठीत टाइप करून नवरीच्या आईला. नवरीला नाही. तिला त्या दिवसांत मेसेज वाचायला वेळ नसतो.

कागद

हे पटापट. दुकानाचा लीव्ह अँड लायसन्स करार कधी संपतो ते बघा, कारण नव्या करारासाठी आधारचा अंगठा लागतो आणि तो परदेशातून देता येत नाही. जाण्यापूर्वी लांब मुदतीचा करार करा किंवा घरच्या माणसाच्या नावाने मुखत्यारपत्र इथेच करून ठेवा; परदेशातून करायचं झालं तर दूतावासाच्या फेऱ्या.

वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते. २२ सप्टेंबर २०२५ पासून पार्लरच्या सेवांवर १८ ऐवजी ५ टक्के कर आहे, पण खरेदीवरच्या कराची वजावट मिळत नाही. तुम्ही नोंदणीकृत आणि जागामालक नाही, असं असेल तर भाड्यावरचा १८ टक्के करही तुम्हीच भरायचा, आणि तो आता सरळ खर्चात जातो. दर ठरवताना तो धरलाय का, ते सीएला विचारा.

आयकरात भारतातले दिवस मोजा. १८२ किंवा जास्त दिवस इथे राहिलात तर रहिवासी नक्कीच. त्याहून कमी असतील तर मागच्या वर्षांचे दिवसही मोजले जातात. अनिवासी झालात तरी पार्लरच्या कमाईवर कर भारतातच, आणि वर अंदाजित नफ्याची सोपी योजना मिळत नाही, ती फक्त रहिवाशांना आहे. बँकेचं खातंही मग एनआरओ, म्हणजे अनिवासींचं, करावं लागतं. पगारातून व्यवसाय कर कापत असाल तर लक्षात ठेवा, २५,००० रुपयांपर्यंत पगाराच्या बायकांना महाराष्ट्रात तो नाही.

फोन दोन हवेत. पार्लरचा व्हॉट्सॲप नंबर पार्लरच्या फोनमध्ये, काउंटरवर. तुम्ही तो लॅपटॉपला जोडून घ्या. मूळ फोन दोन आठवड्यांहून जास्त बंद राहिला तर जोडलेली उपकरणं तुटतात, म्हणून तो चार्जिंगला असतो ना, एवढं ताईंना सांगा. तुमचा स्वतःचा भारतीय नंबर तुमच्याबरोबर, रोमिंग चालू, रिचार्ज संपू न देता, कारण बँकेचा आणि जीएसटीचा ओटीपी त्यावरच येतो. आणि परदेशात असताना हँडसेट बदलू नका. यूपीआय ॲप नव्या फोनवर त्याच सिमवरून एसएमएस गेल्याशिवाय सुरू होत नाही, आणि रोमिंगवर तो एसएमएस जाईलच असं नाही.

हे सगळं झालं की लगेच विमानात बसू नका. आधी आठवडाभर कोकणात जा, गावी जा, पण गर्दीच्या दिवसांत जा, गणपतीच्या आधी वगैरे. पितृपक्षात केलेली परीक्षा ही परीक्षाच नव्हे. फोन दिवसातून एकदाच उघडा. ताईंनी किती वेळा तुम्हाला शोधलं आणि कशासाठी, ते लिहून ठेवा; त्यातली प्रत्येक गोष्ट भिंतीवरच्या कागदावर गेली पाहिजे, एकतर त्यांच्या यादीत, नाहीतर तुमच्या. कागदात भर घालायची गरज उरली नाही, की मग बँकॉकचं तिकीट बघा. परतीचं मात्र त्याच दिवशी काढा, तुळशीच्या लग्नाच्या आधीचं. दिवाळीनंतरचे दर नंतर ऐकवत नाहीत.